गब्नितच्या कानात

अल गराफा, दोहा
१२ मार्च २०२२

श्री. अवधूत यांस,

तू मला व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस, फोनवर केलंस, दाजींचा नंबरसुद्धा सोडला नाहीस. बिचाऱ्या संजीवनं तुझं काय घोडं मारलं होतं? पण पोस्टाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून हे पत्र. फाडायचं तर वाचून फाड.

तुला राग कशाचा आला ते मला पक्कं ठाऊक आहे. मी बाळाशिवाय बारसं केलं, याचा. मग काय करायचं होतं? बाळ तू तिकडे आयर्लंडात, कॉर्कला घेऊन बसलास. ग्रुपवर फोटो टाकलास, खाली इंग्रजीत एक नाव, पुढे हसरा चेहरा. ते नाव वाचून मी काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. फोन केला, बारशाचं काय म्हणून विचारलं, तर म्हणालास, ‘‘ताई, नाव रजिस्टर झालं. खलास.’’ हा अरबी खलास तू इथं माझ्या घरी राहायला होतास तेव्हा शिकलास आणि माझ्यावरच चालवलास.

अरे, मी एकुलती एक आत्या आहे त्या पोरीची. नाव रजिस्टरात गेलं असेल, कानात गेलेलं नाही. ते मी घालीन तेव्हा जाईल.

तर बारसं झालं, आणि व्यवस्थित झालं. आमच्या व्हिलात पाळणा टांगायला कडी नाही, छत सगळं जिप्समचं. म्हणून आमच्या साइटवरचा मच्छिंद्र आला. जालन्याचा आहे, स्टेडियमवर परांच्या बांधायचं काम करतो. त्यानं हॉलमध्ये लोखंडी पाइप उभे केले, क्लॅम्प आवळले, मध्ये माझ्या जुन्या साडीची झोळी बांधली, स्वतः लोंबकळून बघितली आणि साइटच्या सवयीनं ‘वापरण्यास सुरक्षित’ असा हिरवा टॅग अडकवून गेला. त्या झोळीत मी आईचा वरवंटा ठेवला. झबलं घालून, टोपडं बांधून. आपल्यात आधी वरवंटाच ठेवतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ करत पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात आणि मग बाळाची पाळी येते. आमच्याकडे बाळाची पाळी आलीच नाही, म्हणून आम्ही वरवंट्यावर थांबलो.

पलीकडून तो झेलायला शेजारची नफिसा होती. रत्नागिरीची आहे, तोंडाची फटकळ. म्हणाली, ‘‘अगो बाय, पोर तिकडं नि पाळणा इकडं, ह्ये कसलं बारसं?’’

मी म्हटलं, ‘‘हट्टाचं.’’

आणि वरवंट्याच्या कानात, म्हणजे कान असता तर जिथं असता तिथं, कुर्रर्र करून नाव सांगितलं. मृणालिनी. ऑफिसातल्या नमितानं माझ्या पाठीत रीतसर धपाटा घातला. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. फोटो मी ग्रुपवर टाकले, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यावर तुझा फोन. ‘‘माझ्या मुलीला नाव आहे, ताई. तू एका दगडाचे लाड करत बस. ती तुझ्या नजरेस पडणार नाही.’’ ऑर्ला फोटो बघून रडली, असंही म्हणालास. ऑर्ला रडली याचं मला वाईट वाटलं, हे तिला सांग. बायको तू चांगली केलीस, हे मी तुमचं लग्न झूमवर बघतानाच म्हटलं होतं. बाकी कशाचंही मला वाईट वाटलेलं नाही.

मृणालिनीच का, हे तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता नाही सांगत.

तिच्या कानात नाव मीच सांगणार आहे, अवधूत. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी. पोरगी शाळेत जायला लागली तर शाळेच्या फाटकात उभी राहून सांगेन.

तुझी (हे तुला खोडता येणार नाही)
ताई

•

अल गराफा
९ एप्रिल २०२२

अवधूत,

उत्तर आलं. तुझं नाही, तुझ्या सासूबाईंचं.

म्हणजे तू माझं पत्र फाडलं नाहीस. नोराबाईंना बसून त्याचं इंग्रजी करून सांगितलंस. सगळं नीट नाही सांगितलंस, कारण त्यांनी विचारलंय की मिस्टर संजीव यांच्याकडे घोडे आहेत का आणि त्यातला एक कसा गेला. संजीव ते वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं.

बाईंची सुरुवात मला आवडली. लिहितात, ‘तुम्ही नावासाठी भांडता हे बघून बरं वाटलं. आमच्याकडे फार दिवस कुणी भांडलंच नाही, म्हणून आमची नावं गेली.’

मग त्यांनी तुमच्या त्या नावाची सगळी कुळकथा लिहिली आहे. मी चष्मा लावून दोनदा वाचली. उच्चार गब्नित, हेही त्यांनी कळवलं. तू कळवायला हवं होतंस. आयरिश भाषेत गब् म्हणजे लोहार, त्याच्यावरून गोबान हे पुरुषाचं नाव आणि गब्नित हे बाईचं. म्हणजे लोहाराची लेक म्हण. या नावाची एक संत होऊन गेली त्यांच्याकडे, फार जुन्या काळात. तिला देवदूतानं सांगितलं, चालत राहा, जिथं नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथं थांब. कुठं तीन दिसली, कुठं सहा, ही बाई थांबली नाही. नऊ दिसली तिथंच तिनं मठ बांधला. मला बाई पसंत पडली. आम्ही दोह्याला आलो तेव्हा हरणांचं कुणी बोललं नव्हतं, व्हिसा मिळाला तिथं थांबलो.

ही बाई मधमाश्या पाळायची. गुरं चोरायला लुटारू आले, तर तिनं पोळी उघडून माश्या सोडल्या त्यांच्या अंगावर. गुरं टाकून पळाले मेले.

पुढचं मात्र मी तिसऱ्यांदा वाचलं. इंग्रजांच्या राज्यात हे नाव कुणाला कागदावर नको होतं. जड, गावंढळ. मग कुणी अॅबिगेल लिहिलं, कुणी अॅबी. अॅबिगेलच का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. कुठल्याशा पाद्र्यानं डेबोरा लिहिलं. नोराबाईंची आई गब्नित होती. तरुणपणी बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात झाडलोट करायला गेली. तिथल्या मेट्रननं पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझं नाव आम्हाला हाक मारायला जमणार नाही, तू डेबोरा. ती मरेपर्यंत डेबोरा राहिली. थडग्यावरही डेबोराच आहे, कारण पेन्शनच्या कागदावर तेच होतं.

आणि हे तू मला सांगितलं नव्हतंस: त्यांच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवायची चाल आहे. म्हणजे तुझ्या मुलीचं नाव नियमानं नोरा. बाईंनी आपली पाळी सोडली आणि आईला दिली. मला हे अजिबात पटलेलं नाही. आपला हक्क असा सोडतात का?

तू म्हणशील, ताई नावांवर एवढी बोलते, तिचा काय संबंध. अरे, दिवसभर मी दुसरं करते काय? गेल्या आठवड्यात वर्ल्ड कपचा ड्रॉ झाला, कोण कुणाशी खेळणार ते ठरलं, तेव्हापासून आमच्या ऑफिसात गेटपास बनवायला मान वर करायला वेळ नाही. परवा एक नवा सुपरवायझर मच्छिंद्रला खालून ‘मॅक्स! यल्ला, मॅक्स!’ म्हणून ओरडत होता. मी पास द्यायला बाहेर आले होते. तिथंच म्हटलं, ‘‘त्याचं नाव मच्छिंद्र आहे. जमत नसेल तर माझ्या टेबलाशी येऊन प्रॅक्टिस करा.’’ मच्छिंद्र वरून म्हणाला, ‘‘राहू द्या मॅडम, आता सवय झाली.’’ मला त्याचाच जास्त राग आला. संध्याकाळपर्यंत त्याच्या हेल्मेटवर मोठ्या अक्षरांत मच्छिंद्र लिहून घेतलं.

तेव्हा नावाचं मोल मला शिकवू नका. नोराबाईंना माझा नमस्कार सांग. पण मी जागची हललेली नाही.

ताई

•

अल गराफा
१८ जून २०२२

अवधूत,

सुटलं! सगळं सुटलं. दोन्ही घरं खूश होतील असं नाव मला सापडलं आहे, आणि कसं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून मी स्वतःलाच चार शब्द सुनावले.

इथं आता बाहेर पडवत नाही, दारात पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. तरी शुक्रवारी नफिसा आम्हाला अल रुवैसला घेऊन गेली. तिचा भाऊ कमाल तिथं मासळीच्या धंद्यात आहे. धक्क्यावर एका लाकडी होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, मधमाश्यांनी पोळं धरलेलं. कमाल म्हणाला, ‘‘हात नको लावू कुणी, येकदा उठल्या ना, तर धक्का रिकामा.’’ आणि माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. भ्रामरी!

आपली भ्रामरी देवी, अवधूत. आई नवरात्रात सांगायची, आठवतं? अरुण नावाच्या राक्षसाच्या अंगावर देवीनं भुंगे आणि माश्या सोडल्या. तुमच्या संतीणबाईनं लुटारूंवर सोडल्या. तीच गोष्ट झाली ना? तुमच्याकडे मधमाशीची गब्नित, आमच्याकडे मधमाशीची भ्रामरी. अर्थ तोच, देवत्व तेच, आणि नाशिकला हाक मारली तर कुणी वळून बघणार नाही. कागदावर तुमचं राहू दे, कानात मी भ्रामरी सांगते. मृणालिनीचा हट्ट मी सोडायला तयार आहे. बघ, मी किती खाली आले. आता तुझी पाळी.

नोराबाईंना हे नीट समजावून सांग. घोड्यासारखं करू नकोस.

ताई

•

अल गराफा
१४ ऑगस्ट २०२२

अव्या,

तुझ्या सासूबाईंनी मला एका ओळीत आडवं पाडलं.

मी दोन पानं लिहिली होती. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर मावलं. ‘भ्रामरीची गोष्ट सुंदर आहे. डेबोराचा अर्थ हिब्रूमध्ये मधमाशी होतो. आमच्या पाद्र्यालाही तो सापडला तेव्हा असाच आनंद झाला असेल.’

बस. एवढंच. खाली सही.

मी ते कार्ड फ्रिजवर लावलं, काढलं, परत लावलं. संजीव म्हणाला, ‘‘पाणी पी.’’ मी त्याच्यावर ओरडले. दोन दिवस मी त्या बाईवर भयंकर चिडलेली होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसात मच्छिंद्र पास बदलायला आला, हेल्मेट काखेत, त्यावर माझ्याच हातची अक्षरं. आणि मला लख्ख दिसलं की त्या रांगेत आधी पाद्री उभा आहे, मग बर्मिंगहॅमची मेट्रन उभी आहे आणि तिच्यामागे भ्रामरी हातात घेऊन मी उभी आहे. त्या दोघांनाही वाटलं असणार, पोरीचं भलं करतोय.

आता तुला सांगते, मृणालिनी का ते.

आईचं नाव नीता नव्हतं. म्हणजे लग्नाच्या दिवसापासून होतं. त्याआधी ती मृणालिनी होती. माप ओलांडून आत आली, बाबांपुढे तांदळाचं ताट ठेवलं, हातात अंगठी दिली आणि आजीनं सांगितलं, नीता लिही. हाक मारायला सुटसुटीत. बाबांनी लिहिलं, साखर वाटली, झालं. आईला कुणी विचारलं नव्हतं. मामा तिला मृणाल म्हणायचे ते तुला त्यांचं लाडाचं नाव वाटायचं. लाडाचं कसलं, ते तिचं होतं. तिची शाळेची सर्टिफिकेटं त्या नावाची, बक्षिसं त्या नावाची. एकदा चटणी वाटता वाटता मला म्हणाली, ‘‘मागून कुणी मृणालिनी म्हणून हाक मारली तर मी आता वळायची नाही गं, दुसऱ्याच कुणाला बोलावलं असं वाटेल.’’ हसत म्हणाली. मी मात्र कधी विसरले नाही. तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या घरात पहिली मुलगी येईल तिला हे नाव परत द्यायचं. मला मूल झालं नाही. तुझं आलं.

म्हणून तिच्याच वरवंट्याला ते नाव सांगितलं. ती गेली तेव्हा पाटा नाशिकलाच राहिला, वरवंटा मी बॅगेत घालून आणला होता. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं काढून विचारलं होतं, हे काय? मी म्हटलं, आई. त्यानं परत ठेवून दिला.

तर आता माझं ठरलं आहे, ते ऐक. हक्क मी सोडणार नाही. आत्या मी आहे आणि कानात मीच सांगणार. नाव मात्र सोडते. नोराबाईंनी स्वतःची पाळी सोडून आईची आणली, तर त्यांच्या आईचं नाव मी माझ्या आईसाठी पुसायचं? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी गब्नितच सांगेन. आई मला समजून घेईल. नाही घेतलं तर वर गेल्यावर आम्ही बघून घेऊ.

पाकिटात कार्डाबरोबर त्यांनी एक निळी फीतही पाठवली आहे. त्यांच्याकडे त्या संतिणीच्या लाकडी मूर्तीच्या मापानं फीत धरतात आणि घरात ठेवतात, दुखण्याखुपण्याला बांधतात. मी देवघरात ठेवली आहे. कुणी विचारू नये म्हणून मीच सगळ्यांना सांगत सुटले आहे.

आता कामाचं. मामांचा फोन आला होता. दिवाळीनंतर तुम्ही सगळे त्यांना पोर दाखवायला नाशिकला येताय. विमान दोह्यालाच बदलणार, दुसरा रस्ता तुला परवडणारा नाही. भाऊबीजेला इथं उतर. एक दिवस. एक नोव्हेंबरपासून फुटबॉलचं हय्या कार्ड असल्याशिवाय पाहुण्याला कतारात आत घेणार नाहीत, आणि ते डिसेंबर संपत येईपर्यंत. तेव्हा परतीच्या वाटेवर बघू, असं म्हणायची सोय नाही. आधी उतरायला हवं.

अव्या, ये.

ताई

•

अल गराफा
९ ऑक्टोबर २०२२

अव्या,

तुझं उत्तर नाही. नोराबाईंचंही नाही, म्हणजे तू त्यांना लिहू दिलं नाहीस किंवा पोस्टानं घात केला. मी दोन्ही धरून चालले आहे आणि तयारीला लागले आहे.

इथं उंच इमारतींवर खेळाडूंचे एवढाले फोटो चढलेत, रस्ते रोज वेगळीकडून वळवतात, टॅक्सीवाला मलाच वाट विचारतो. मच्छिंद्रची साइट संपली, पुढच्या महिन्यात त्याला गावी पाठवणार. त्याला म्हटलं, जाण्याआधी एकदा पाइप उभे करून दे. म्हणाला, ‘‘ह्या वेळी खरं बाळ आहे का मॅडम? म्हणजे वजन तसं धरतो.’’ मी म्हटलं, खरं आहे. तो विचारतो, नक्की का? मी म्हटलं, तू पाइप लाव.

मामांकडून तुमची तारीख कळली आहे. मी विमानतळावर उभी राहीन. तू तोंड फिरवून दुसऱ्या विमानाकडे गेलास तर मला काचेच्या अलीकडून दिसणारसुद्धा नाहीस, म्हणजे तुला लाजायचं कारण नाही. मी थोडा वेळ थांबेन आणि घरी येऊन घुगऱ्या शेजारी वाटेन. मग पुढच्या वर्षाची तयारी.

मी दमणाऱ्यातली नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

ताई

•

अल गराफा, दोहा
२८ ऑक्टोबर २०२२

चि. गब्नित हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. तुझा बाप वाचून दाखवेल आणि मध्येच घोटाळे करेल, म्हणून मोठी झालीस की मराठी शिकून स्वतः वाच.

परवा भाऊबीज होती. मी आणि तुझे काका विमानतळावर लवकरच जाऊन उभे राहिलो. चारी दिशांनी माणसं येत होती, हातात झेंडे, गळ्यात कार्डं. आधी एक उंच, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ माझ्याकडे चालत आली. तुझी आजी नोरा. मला कधी पाहिलेलं नव्हतं. पुढे म्हणाली, सगळ्यात चिडलेली कोण दिसते ते बघितलं. मागून तुझी आई, छातीशी तू. आणि मग बराच वेळ कुणी नाही.

मला वाटलं, त्यानं ह्या तिघींना पाठवलं आणि स्वतः आत बसला. मी तुझ्या आईला जवळ घेतलं, तुझ्याकडे बघितलं, पण डोळे दाराकडे होते, खोटं कशाला सांगू. शेवटी ट्रॉली ढकलत आला. माझ्यासमोर उभा राहिला. पाया पडायचं की भांडायचं ते त्याचं ठरेना. मग म्हणाला, ‘‘ताई, दाजींचे घोडे कुठायत? नोरा विचारतेय.’’

मी त्याला तिथंच एक रपाटा दिला. मग दोघंही रडलो.

घरी हॉलमध्ये पाइप तयार होते. मच्छिंद्रनं टॅगवर त्या दिवसाची तारीख घालून सही केली होती. नफिसा बिर्याणीचं पातेलं घेऊन आली होती, कारण तिच्या मते घुगऱ्यांनी कुणाचं पोट भरत नाही. मी वरवंट्याला झबलं घालत होते, तेव्हा तुझी आजी नोरा पुढे आली आणि तिनं विचारलं, ‘‘इज दिस मृणालिनी?’’

नाव तिनं सावकाश म्हटलं. पण पूर्ण म्हटलं. कुठंही कापलं नाही.

मी हो म्हटलं. तिनं वरवंटा माझ्या हातातून घेतला, वजन बघून ‘ओह’ म्हणाली आणि पाटावर बसून नीट मांडीवर घेतला. फिरवायच्या वेळी तेवढा दिला. ‘कुणी गोविंद घ्या’ झालं, नफिसानं झेलला, तुझ्या आईनं झेलला, नमितानं झेलला आणि परत तिच्या मांडीवर. मी देवघरातली निळी फीत आणली. ती कापायची नाही, असं मी ठरवलं होतं. एक टोक तुझ्या पाळण्याला बांधलं, दुसरं त्या वरवंट्याला. तुला झोळीत ठेवलं. तू टॅग ओढून तोंडात घालायला बघत होतीस.

मग मी वाकले. तुझा कान इतका छोटा आहे की मला श्वास जोरात सोडायची भीती वाटली. कुर्रर्र केलं आणि सांगितलं, गब्नित. दुसरं काही नाही सांगितलं. ओठांवर दुसरं होतं, तेही तुला सांगून ठेवते. पण आत गेलं ते हेच.

धपाटे बसले. नमिताचा नेहमीचा, नफिसाचा प्रेमाचा, तुझ्या आईनं घाबरत घाबरत मारला. तुझ्या आजीला सांगितलं होतं, मारायचं असतं. तिनं मांडीवरचा वरवंटा जरा बाजूला ठेवला, उठली आणि अस्सा मारला की पाळणा हलला. जन्मभर गाई हाकलेल्या बाईचा हात. म्हणाली, ‘‘दॅट्स फॉर भ्रामरी.’’ मी कळवळत हसत होते.

तुझा बाप भिंतीला टेकून उभा होता. जेवणं झाल्यावर मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, ‘‘ताई, आईला ते नाव आवडायचं?’’

मी म्हटलं, ‘‘कुणी विचारलं होतं का तिला? तू विचारलं होतंस? मी विचारलं होतं?’’ मी त्याला ओवाळलं. त्यानं ओवाळणी म्हणून कॉर्कहून मधाची बाटली आणली होती.

आज सकाळी तुम्ही नाशिकला निघालात. गाडी दारात, काका हॉर्न वाजवताहेत, तुझी आई तुझी टोपी शोधते आहे. तुझा बाप पायात बूट घालून परत आत आला. मला वाटलं, पासपोर्ट विसरला. वरवंटा कोपऱ्यातल्या पाटावर ठेवलेला होता, झबलं अजून अंगात. तो त्याच्यासमोर बूट काढून गुडघ्यांवर बसला, जसा लहानपणी शाळेला जाताना आईसमोर बसायचा, डबा घ्यायला. आणि म्हणाला,

‘‘मृणालिनी, येतो गं.’’

मी दारामागे उभी होते. इतके महिने भांडले, पत्रं लिहिली, धपाटे खाल्ले, तेव्हा धीर धरला होता. तिथं मात्र मला हुंदका आवरला नाही. तिच्या घरातून, तिच्या मुलाच्या तोंडून, तिला तिच्या नावानं हाक आली होती.

त्या वरवंट्यावर आता चटणी वाटायची नाही, असं मी घरात सांगून टाकलं आहे. फीत तशीच बांधलेली ठेवली आहे. तुझ्याकडचं टोक मोकळं आहे. परत येशील तेव्हा बांधू.

तुझी
आसावरी आत्या